गाणं चालू असताना बॅंजोने काय करायचं?

चिपळूणला गणपतीत आणि शिमग्यात दहा वर्षं बेंजो पार्टीत वाजवलंत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेला आल्यावर पाच तारांचा बॅंजो घेतलात, सहा महिने घरी रोल, म्हणजे तीन बोटांनी फिरवत वाजवायचे आघात, घोटलेत. आणि ब्लूग्रास या इथल्या तंतुवाद्यांच्या लोकसंगीताच्या पहिल्याच जॅमला, म्हणजे गोलात बसून मिळून वाजवायच्या बैठकीला, शेजारच्या आजोबांनी हसत हसत हाताने ‘खाली, खाली’ अशी खूण केली. ‘सूर तर बरोबर होते, मग चुकलं काय? की बाहेरचा माणूस चालत नाही?’ असं तुम्ही विचारताय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मी शार्लटच्या बाजूला चौदा वर्षं राहतोय. जॅममध्ये ‘कुठला?’ हा प्रश्न येतो, पण फार उशिरा. आधी ‘कुठल्या पट्टीत?’ हे विचारतात.

चूक बहुधा अशी झाली की तुम्ही गाणाऱ्याच्या अंगावर वाजवलंत. बेंजो पार्टीत बेंजो हाच गायक असतो. ढोल, ताशा, कीबोर्ड सगळे त्याच्या मागे. तो थांबला की मिरवणूकच थबकते. म्हणजे दहा वर्षं तुमच्या हाताला एकच गोष्ट ठाऊक आहे, थांबायचं नाही. ब्लूग्रासमध्ये बॅंजो एका कडव्यापुरता राजा असतो आणि उरलेला वेळ कोरसमधला टाळकरी.

दोन्ही वाद्यांत नावापलीकडे काही नातं आहे, हेही डोक्यातून काढून टाका. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, जपानच्या नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी केलेल्या ताइशोगोतोचा वंशज. इथला बॅंजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या आठवणीतून आला. भोपळ्यावर कातडं ताणलेलं वाद्य, आणि अंगठ्याशी एक आखूड तार. तीच तुमची पाचवी तार. सतारीची चिकारी आठवा, काम तेच: धून कुठेही जावो, ही आपली एकाच सुरावर टणत्कारत राहते. नेहमीच्या सुरावटीत खालच्या चार तारा मिळून जी मेजर होतात आणि पाचवी वरचा जी धरते.

आता तीन बोटांचं बघू. अंगठ्याला प्लास्टिकची आणि तर्जनी-मध्यमेला धातूची नखी लावून जे आठ आघात तुम्ही घोटताय, ते अर्ल स्क्रग्ज यांच्यामुळे जगभर गेले. जन्म १९२४, क्लीव्हलँड काउंटीतलं (काउंटी म्हणजे जिल्हा) फ्लिंट हिल. तुमच्यापासून पश्चिमेला काही तासांवर. पण ही गोष्ट त्यांनी एकट्याने शोधलेली नाही. त्या दोन-तीन काउंट्यांत तीन बोटांनी वाजवणं ही एखाद्या बोलीसारखी गोष्ट होती. शेजारच्या रदरफर्ड काउंटीतले स्नफी जेन्किन्स तिशीच्या दशकात शार्लटच्या रेडिओवर तसंच वाजवत, आणि आपण स्मिथ हॅमेट, रेक्स ब्रुक्स यांच्याकडून शिकलो असं सांगत. त्याआधी कापडगिरणीत काम करणारे चार्ली पूल १९२५ पासून आपल्या पद्धतीच्या तीन बोटांनी रेकॉर्ड करत होते. स्क्रग्जही युद्धाच्या काळात शेल्बीच्या सूतगिरणीत होते. डिसेंबर १९४५ मध्ये ते ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे केंटकीचे बिल मन्रो यांच्या बँडमध्ये गेले आणि बोलीची प्रमाणभाषा झाली. शेल्बीच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत २०१४ पासून त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. एक दिवस काढून जाऊन या.

तुम्ही स्क्रग्ज ऐकता ते बहुतेक ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’, १९४९ चं. सगळे तिथूनच सुरू करतात आणि तिथेच गोची होते, कारण त्यात गाणंच नाही! बॅंजो जवळजवळ सगळा वेळ पुढे. त्याऐवजी त्यांचे जोडीदार गायक लेस्टर फ्लॅट गात असतानाचे स्क्रग्ज ऐका. ओळ चालू असते तेव्हा ते जवळजवळ दिसतच नाहीत. ओळ संपून गाणारा श्वास घेतो त्या फटीत चार-सहा सुरांची एक नक्षी टाकतात आणि पुन्हा मागे. मला यांचे सोलो आवडतात, पण थक्क मी त्या फटींनी होतो.

हाताने काय करायचं ते सांगतो. गाणं सुरू झालं की रोल बंद. डाव्या हाताने बंद कॉर्ड धरा, म्हणजे एकही तार मोकळी नको. उजव्या हाताने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर दोन-तीन तारा एकदम चिमटीत उचला आणि लगेच डाव्या बोटांचा दाब सैल करा. बोटं तारांवरून उचलायची नाहीत, फक्त दाब काढायचा. ‘टक्’ असा आवाज येऊन मेला पाहिजे. याला इथे व्हॅम्प म्हणतात. मँडोलिनवाला तेच करत असेल तर तुम्ही तेही करू नका. उजवा हात घोडीपासून मानेकडे सरकवा, तिथे आवाज मऊ होतो, आणि हलका रोल ठेवा. किंवा सरळ हात मांडीवर. गाण्याच्या मध्ये हात मांडीवर ठेवून बसलेला बॅंजोवाला लोकांना फार आवडतो, गंमत नाही करत.

ब्रेक, म्हणजे एकट्याने धून वाजवायची पाळी, नजरेने फिरते. ज्याने गाणं काढलंय तो तुमच्याकडे बघून भुवई उडवेल. नको असेल तर मान हलवा, पुढच्याकडे जाईल. घेतलात तर पहिल्या वेळी ओळखू येईल अशी सरळ धून वाजवा. आठांचे ३-३-२ असे तुकडे पाडले की धुनेचा सूर आपोआप वजनावर पडतो. आपला केरव्याचा कान इथे कामाला येतो, हा आपला एकमेव फायदा.

माझी फजिती सांगतो. तिसऱ्याच जॅमला कुणीतरी ए पट्टी सांगितली. मी ऐटीत दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे पट्टी चढवायला तारांवर बसवायचा चिमटा, लावला आणि सुटलो. कॅपो पाचव्या तारेपर्यंत पोचतच नाही, ती पाचव्या पडद्यापाशी सुरू होते! सगळं गाव ए मध्ये आणि माझी चिकारी जी वर ठणठण. बेस वाजवणाऱ्या बाईंनी दोन कडवी सोसलं, मग वाकून आपल्या बोटाने माझ्या सातव्या पडद्याकडे दाखवलं. तिथे एक बारीक खिळा असतो, खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांना ठोकतात तसला. तार त्याखाली अडकवायची. तुमच्या बॅंजोला नसेल तर बसवून घ्या, किंवा पाचवी खुंटी पिळून वर चढवा.

थांबणं अगदीच जमत नसेल तर एक दुसरी वाट आहे. उत्तरेला, व्हर्जिनियाच्या सीमेलगत सरी काउंटीत राउंड पीकची परंपरा आहे: टॉमी जॅरेल, फ्रेड कॉकरहॅम, काइल क्रीड. तिथे क्लॉहॅमर. नखाने तार खाली ठोकायची आणि अंगठ्याने पाचवी सोडवायची. ही ठोकायची पद्धत पश्चिम आफ्रिकेतल्या अकोंटिंग वाजवणाऱ्यांच्या हाताशी विलक्षण जुळते. या जुन्या वळणाच्या जॅममध्ये ब्रेकच नाहीत. फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि बॅंजो एकच धून वीस-वीस वेळा मिळून फिरवतात, आणि कुणीतरी पाय वर उचलला की संपवायचं. तासभर एकाच पट्टीत बसतात, कारण पट्टी बदलली की बॅंजोच्या खुंट्या पिळत बसावं लागतं. भजनात रमणाऱ्याला हे लगेच लागतं. फक्त तीन बोटांना नख्या चढवून तिथे जाऊ नका, गाभाऱ्यात चपला घालून गेल्यासारखं बघतील.

तुमच्या रस्त्यावर मेबन लागतं, तिथले जो थॉम्पसनही ऐका. कृष्णवर्णीयांच्या स्ट्रिंग बँडमधले फिडलवादक, २०१२ साली वारले. रेकॉर्ड कंपन्यांनी ‘गोऱ्यांचं’ आणि ‘काळ्यांचं’ असं संगीत वाटून टाकलं तेव्हा ही परंपरा जवळजवळ दिसेनाशी झाली. २००५ नंतर कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स या बँडचे तरुण त्यांच्या घरी जाऊन बसले, वाजवत वाजवत शिकले. घरी रोल घोटून जे येत नाही ते असं शेजारी बसून येतं.

तेव्हा त्याच जॅमला परत जा. आतल्या गोलात जागा असली तरी बाहेरच्या गोलात बसा, पहिली तीन गाणी फक्त व्हॅम्प. आजोबांच्या शेजारी बसलात तर उत्तम, खूण करणारा माणूस शिकवणारा असतो. आणि चिपळूणचा बेंजो गाडीत ठेवा. कॉफीच्या वेळी बाहेर काढा. ती टाइपरायटरसारखी बटणं बघायला चौघं-पाचजण जमतात. मागच्या वर्षी माझा एकाने तासभर परतच दिला नाही.