बेदाण्याची वेबसाइट आहे, हजारभर ईमेल पत्तेही आहेत, पण ऑर्डर येत नाहीत. वेबसाइट नवीन करून घ्यावी का?

नको, निदान आत्ता तरी नको. एजन्सीचं कोटेशन बाजूला ठेवा. साइटवर लोक येतात पण घेत नाहीत, आणि दिवाळीची ऑफर हजार जणांना पाठवूनही हाती काही लागलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. नाशिकमधल्या छोट्या दुकानांच्या साइट मी सांभाळते. माझ्या मते दोन्हीचं कारण एकच आहे. गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं, त्याचं उत्तर तुमच्या साइटवरही नाही आणि मेलमध्येही नाही.

आठवडाभर फोनशेजारी वही ठेवा आणि प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत उतरवा. "बिया आहेत का?" "एवढे हिरवे कसे, रंग लावता?" "पुण्याला कधी मिळेल, कुरिअरचे वेगळे का?" मग तुमचं बेदाण्याचं पान उघडा. 'उत्कृष्ट दर्जाचे प्रीमियम बेदाणे' यावरून कुणी काय ठरवायचं? त्याऐवजी लिहा, की थॉमसन जातीच्या बिनबियांच्या द्राक्षांचे आहेत, शेडमध्ये सावलीत वाळवलेत म्हणून हिरवट आहेत. गंधकाची धुरी देत असाल तर तेही स्पष्ट लिहा. एक किलो बेदाण्याला साधारण चार किलो द्राक्षं लागतात, हे वाचलं की भावावरची घासाघीस निम्मी कमी होते. वजन, किंमत आणि कुरिअरचा खर्च त्याच पानावर हवा. पैसे भरताना शेवटच्या पायरीला कुरिअरचे शंभर रुपये वाढलेले दिसले की माणूस तिथूनच परत फिरतो.

फोटो कॅमेऱ्यातून जसेच्या तसे चढवले असतील तर ते आधी लहान करा. पानाचा वेग मोजणारं गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे. मोबाइलवर पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. आणि घरचं वायफाय बंद करून एकदा स्वतःच्या साइटवरून अर्धा किलो मागवून बघा, पैसे भरण्यापर्यंत सगळं.

आता मेल. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांच्या पुढे मेल जातच नाहीत, त्यामुळे मेल पाठवण्याची एखादी सेवा घ्या आणि स्वतःच्या डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, पत्त्यावरून पाठवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केलेत. एसपीएफ किंवा डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय याची खूण, सगळ्यांनाच लागतं. रोज ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्क (ती खूण जुळली नाही तर मेलचं काय करायचं याची सूचना) आणि एका क्लिकमध्ये यादीतून नाव काढायची सोय. तुम्ही त्या आकड्यात नाही, तरी सगळं लावून घ्या, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कसाठी डोमेनच्या सेटिंगमध्ये चार ओळी टाकायचं काम आहे.

खरी अडचण यादीची आहे. तुमचे हे पत्ते नाशिकच्या डोंगरे वसतिगृह मैदानावरच्या प्रदर्शनातल्या लकी ड्रॉच्या चिठ्ठ्यांवरून आलेत, आणि त्या चिठ्ठीवर ज्यांनी पत्ता लिहिला, त्यांनी तुमच्याकडे मेल मागितलेला नव्हता. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवा असं जीमेल सांगतं, म्हणजे हजारात तिघांनी बटण दाबलं की तुम्ही काठावर आलात. म्हणून या सगळ्यांना एकच साधं पत्र पाठवा. कुठे भेटलो होतो ते सांगा, पुढे पाठवू का ते विचारा. जे 'हो' म्हणतील तेवढेच ठेवा. दीडशे उरले तरी मला ते हजारांपेक्षा मोलाचे वाटतात.

त्यांना महिन्यातून एकदा लिहा, वहीतला एक प्रश्न घेऊन. 'धमाका सूट' हा विषय कुणी उघडत नाही. 'यंदाचा नवा बेदाणा आला, अर्ध्या किलोपासून' हा उघडतात. किती जणांनी मेल उघडला या आकड्यावर मात्र विसंबू नका. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमुळे न उघडलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जातो. मेलमधल्या लिंकवरून किती ऑर्डरी आल्या तेवढं बघा.

एवढं करूनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर एजन्सीला जरूर बोलवा. त्याआधी डोमेन तुमच्याच नावावर आहे का आणि त्याचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का, ते आजच तपासा. साइट ओळखीतल्या कुणीतरी करून दिली असेल तर बऱ्याचदा डोमेन त्याच्याच खात्यात पडून असतं.