ॲशबर्नला येताय तर घर बघायच्या आधी काउंटीचा अजेंडा बघा

स्नेहल, तुमचा प्रश्न वाचला. नवऱ्याची पुण्याहून व्हर्जिनियाला बदली, ऑफिस ॲशबर्नजवळ, दोन शाळेत जाणारी मुलं, आणि एजंट म्हणतोय की टॅक्सचा दर दरवर्षी उतरतोय तर भाड्यात पैसे घालवू नका, लगेच घर घेऊन टाका. आणि शेवटी जाता जाता तुम्ही विचारलंय की तिथली नगरपालिका कशी आहे, लोकांचं ऐकते का. व्हिसा, बँक, क्रेडिट हिस्ट्री यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय, मी फक्त या शेवटच्या प्रश्नावर लिहिते, कारण आपल्यातलं कोणी तो सहसा विचारतच नाही आणि तुमच्या घराचे, मुलांच्या शाळेचे, खिडकीतून पुढे काय दिसणार याचे सगळे धागे तिथेच जातात.

तर पहिली गोष्ट, ॲशबर्नला नगरपालिकाच नाही. पत्त्यात ॲशबर्न लिहितात पण ते पोस्टापुरतं. साउथ रायडिंग, ब्रॅम्बलटन, स्टर्लिंग, अल्डी, सगळीकडे हेच. हे सगळं ज्या लाउडन काउंटीत येतं, त्या अख्ख्या काउंटीत लीसबर्ग, पर्सेलव्हिल वगैरे धरून फक्त 7 गावांना स्वतःची टाउन कौन्सिल आहे, बाकी सगळ्यांचा कारभार थेट काउंटीकडे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण इथे वरून आलेला कलेक्टर नसतो. 9 जणांचं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स असतं, त्यातला चेअर पूर्ण काउंटीतून निवडून येतो आणि बाकीचे 8 जण 8 डिस्ट्रिक्टमधून, मुदत 4 वर्षं, मागची निवडणूक 2023 ला झाली म्हणजे पुढची 2027 ला. रोजचं काम बघायला काउंटी ॲडमिनिस्ट्रेटर असतो. झेडपीचा सीईओ राज्य सरकार पाठवतं ना, इथे तो बोर्डच नेमतं आणि पटलं नाही तर बोर्डच काढतं, त्यामुळे खरा लगाम या 9 जणांच्या हातात.

पण लगाम आहे म्हणून सगळंच त्यांच्याकडे असंही नाही, आणि नवीन आलेली माणसं इथेच गोंधळतात. व्हर्जिनियात डिलन रूल म्हणून प्रकार आहे, म्हणजे राज्याने जेवढा अधिकार स्पष्टपणे दिलाय तेवढाच काउंटीला, त्याच्या पलीकडे नाही. रस्त्यावर खड्डा पडला तर काउंटीला फोन करून उपयोग नाही, आर्लिंग्टन आणि हेन्रायको सोडल्या तर बाकी काउंट्यांमधले रस्ते राज्याचं वाहतूक खातं, म्हणजे व्हीडॉट, सांभाळतं, आणि टाउनहाउसच्या आतली गल्ली असेल तर ती बहुतेक एचओएची, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीची. कचरा काउंटी दारातून उचलत नाही, एचओए नाहीतर तुम्ही स्वतः कंपनी लावायची. ॲशबर्नच्या बाजूला पाणी लाउडन वॉटरचं, ती वेगळी संस्था. शेरीफ वेगळा निवडून येतो, ट्रेझररही, गाडी आणि घराची किंमत ठरवणारं कमिशनर ऑफ द रेव्हेन्यूचं ऑफिस आहे त्याचा कमिशनरही. आणि शाळांचं स्कूल बोर्ड वेगळं, कुठल्या गल्लीतलं मूल कुठल्या शाळेत जाणार ते स्कूल बोर्ड ठरवतं, पण त्यांना स्वतःचा टॅक्स लावता येत नाही, पैसे सुपरवायझर्सच्या बोर्डाकडूनच घ्यावे लागतात. म्हणून वसंतात बजेटच्या वेळी दोन्ही बोर्डांची जी ओढाताण चालते ती आईबापांनी आवर्जून बघावी, शिक्षकांचे पगार किती वाढणार ते त्यातच ठरतं.

आता मीटिंग कशी असते. सहसा महिन्यातल्या दोन मंगळवारी लीसबर्गच्या गव्हर्नमेंट सेंटरमध्ये बिझनेस मीटिंग, जमिनीबिमिनीच्या प्रकरणांची पब्लिक हिअरिंग, म्हणजे जनसुनावणी, वेगळ्या दिवशी, ऑगस्टमध्ये सुट्टी. घरी बसून लाइव्ह बघता येतं, अजेंडा आणि सगळी कागदपत्रं आधीच वेबसाइटवर येतात. सुरुवातीला ठराव आणि सत्कार होतात, मग लोकांना बोलायला वेळ, आणि मग येतो कन्सेंट अजेंडा. ज्यावर कोणाचाच आक्षेप नाही अशी सगळी कामं एकत्र बांधून एकाच मताने मंजूर. अग्निशमन दलाच्या गाडीची खरेदी, पार्कच्या पार्किंगचं कंत्राट, राज्याकडून आलेलं अनुदान स्वीकारणं, एखाद्या समितीवर नेमणूक, एक जण म्हणतो आय मूव्ह, दुसरा सेकंड, सगळे 'आय' म्हणजे होकार देतात, आणि कोट्यवधी डॉलरची कामं दोन मिनिटांत पुढे सरकतात. बघणाऱ्याला वाटतं इथे काही होतच नाही. पण चर्चा आधीच झालेली असते, फायनान्स कमिटीत नाहीतर ट्रान्सपोर्टेशन ॲण्ड लँड यूज कमिटीत, आणि एखाद्या सुपरवायझरला शंका असेल तर तो तेवढी एक बाब गठ्ठ्यातून बाहेर काढायला लावतो आणि तिच्यावर वेगळं मतदान होतं. म्हणजे तुम्हाला खरंच काही सांगायचं असेल तर ते कमिटीच्या वेळेला सांगायचं, मीटिंगच्या रात्री नाही.

मला या रटाळ दिसणाऱ्या गठ्ठ्याबद्दल खूप आस्था आहे, आणि त्याला कारण आमची गल्ली. वेगमर्यादा 25 मैलांची आणि शॉर्टकट मारणाऱ्या गाड्या चाळीस-पंचेचाळीसने जायच्या, पोरं सायकली घेऊन त्याच रस्त्यावर. व्हर्जिनियाच्या कायद्यात सोय आहे की वस्तीतल्या ठरावीक रस्त्यांवर जास्त वेगाला नेहमीच्या दंडाशिवाय आणखी 200 डॉलर दंड लावता येतो, पण त्याची पाटी लावायची तर काउंटी बोर्डाने ठराव करून व्हीडॉटला विनंती करावी लागते. शेजारपाजाऱ्यांनी मिळून सह्या गोळा केल्या, काउंटीच्या माणसांनी रस्त्यावर वेग मोजायची यंत्रं लावली, आकडे आले, डिस्ट्रिक्टच्या सुपरवायझरच्या ऑफिसातल्या मदतनीस बाईंनी प्रत्येक ईमेलला उत्तर दिलं, आणि शेवटी आमचा रस्ता कन्सेंट अजेंड्यात एका ओळीचा होऊन आला आणि कोणी एक शब्द न बोलता पास झाला. सह्या करणाऱ्यांत निम्मे लोक इथले नागरिक नव्हते, कोणी विचारलंही नाही.

आता घरावरचा टॅक्स. एजंटने दर उतरतोय असं सांगितलंय ते 2025 पर्यंतचं तरी खरंय. 2020 ला शंभर डॉलर किमतीला 1.035 डॉलर होता, 2024 ला 0.865 आणि 2025 ला 0.805. पण दर उतरला म्हणजे बिल उतरलं असं होत नाही, कारण घराची किंमत काउंटी दरवर्षी 1 जानेवारीला नव्याने धरते. समजा 7 लाख डॉलरचं घर, 0.805 ने वर्षाचे 5,635 डॉलर. तेच घर पुढच्या वर्षी 7 लाख 60 हजारांचं धरलं आणि दर तसाच ठेवला तर 6,118. जूनच्या 5 आणि डिसेंबरच्या 5 तारखेला दोन हप्ते, कर्ज काढलं असेल तर बँक ते महिन्याच्या हप्त्यातच कापून घेते आणि मग अचानक हप्ता वाढला म्हणून लोक बँकेशी भांडत बसतात. किंमत चुकीची वाटली तर आधी त्या कमिशनर ऑफ द रेव्हेन्यूच्या ऑफिसकडे दाद मागायची, मग बोर्ड ऑफ इक्वलायझेशन म्हणून वेगळं मंडळ आहे तिकडे, सुपरवायझरला फोन करून किंमत कमी होत नाही.

दर कसा ठरतो हे एकदा समजून घ्या. ॲडमिनिस्ट्रेटर फेब्रुवारीत बजेट मांडतो, मग बोर्ड जास्तीत जास्त किती दर लावू शकतो त्याची जाहिरात करतं, हिअरिंग होते, सलग काही संध्याकाळी वर्क सेशन चालतात आणि एप्रिलच्या सुरुवातीला मंजुरी, नवं वर्ष 1 जुलैपासून. जाहिरातीत जो आकडा दिला त्याच्या खाली येता येतं, वर जायचं तर पुन्हा जाहिरात आणि पुन्हा हिअरिंग. त्यामुळे जाहिरातीचा आकडा बघितला की तुमचं बिल जास्तीत जास्त कुठवर जाईल ते दोन महिने आधीच कळतं.

गाडीवरही दरवर्षी टॅक्स आहे, हे महाराष्ट्रातून येणाऱ्यांना पटतच नाही कारण आपल्याकडे रोड टॅक्स एकदाच भरून मोकळे. 2023 ला दर शंभराला 4.15 डॉलर होता, पहिल्या 20,000 डॉलर किमतीवर राज्याची थोडी सूट, बाकी पूर्ण. दोन गाड्या घेणार असाल तर हे बजेटमध्ये धरा.

घराचा दर एवढा उतरला कशामुळे? डेटा सेंटर. ॲशबर्नचा पट्टा डेटा सेंटर ॲली म्हणून जगभर माहितीये, आणि त्या इमारतींच्या आतल्या कॉम्प्युटरवर काउंटीला जो टॅक्स मिळतो तो प्रचंड आहे, त्याच्या जोरावर घरांवरचा बोजा कमी होत गेला. त्याचा मोबदला म्हणजे वस्तीला लागून उभ्या राहिलेल्या बिनखिडक्यांच्या अवाढव्य भिंती, छतावरच्या कूलिंगची चोवीस तास घरघर, डिझेल जनरेटरच्या चाचण्या, आणि वरून जाणाऱ्या हायटेन्शन तारा. तारांचा निर्णय तर काउंटीकडे नाहीच, तो राज्याच्या राजधानीतल्या, रिचमंडच्या, स्टेट कॉर्पोरेशन कमिशनकडे. बरीच वर्षं काही झोनमध्ये डेटा सेंटर हक्काने बांधता यायचं, म्हणजे बोर्डासमोर यायची गरजच नव्हती, हिअरिंग नाही की काही नाही. मार्च 2025 ला बोर्डाने ती मोकळीक काढून घेतली, आता स्पेशल एक्सेप्शन, म्हणजे बोर्डाची खास परवानगी, मागावी लागते, पण ज्यांचे प्लॅन आधीच मंजूर झालेत ते उभे राहणारच. म्हणून घराशेजारी रिकामं माळरान दिसलं आणि एजंट म्हणाला की इथे झाडी राहील, तर काउंटीच्या नकाशावर त्या प्लॉटचा नंबर टाकून बघा, तिथे कुठला अर्ज मंजूर झालाय ते निघतं. स्टाफ रिपोर्ट वाचा, आणि बिल्डरने रीझोनिंगच्या वेळी, म्हणजे जमिनीचा झोन बदलून घेताना, जे लिहून दिलंय, त्याला प्रॉफर म्हणतात, ते तर नक्की वाचा. किती फूट झाडांचा पट्टा, शाळेला जागा दिली का, रस्त्याची जास्तीची लेन कोण बांधणार, सगळं त्यात असतं आणि ते कायद्याने बांधलेलं असतं.

अशी एक हिअरिंग शक्य झालं तर बसून बघाच. बिल्डरचा वकील नकाशे दाखवतो, मग एकेक माणूस पोडियमशी, समोर हिरवा पिवळा लाल दिवा, दोन-तीन मिनिटांत संपवायचं. मी गेले होते तेव्हा खूप जण रागावून बोलले आणि बोर्ड शांत बसून ऐकत होतं. मग एक निवृत्त आजोबा आले, त्यांनी फक्त विचारलं की जनरेटरची चाचणी किती वाजता करणार, ते अर्जात का लिहिलेलं नाही. तिथे एका सुपरवायझरने मान वर केली, वकिलाला बोलावलं, आणि चाचणी दिवसा ठरावीक वेळेतच ही अट त्याच रात्री तोंडी मान्य झाली, नंतर लेखी आली. बोर्डाला नेमकी मागणी लागते, ती मिळाली की त्यांना हलता येतं. तुम्हाला इंग्रजीची भीती वाटत असेल तर ईमेल करा, तोही रेकॉर्डवर जातो.

बंद दाराआडही बसतात, क्लोज्ड सेशन, जमीन खरेदी किंवा कोर्टाच्या प्रकरणांसाठी. पण कारण सांगून ठराव करून आत जावं लागतं आणि बाहेर आल्यावर ज्यासाठी गेलो तेवढंच बोललो असं मतदानाने रेकॉर्डवर आणावं लागतं.

मताचं मात्र नीट लक्षात ठेवा. एच वन बी असो की ग्रीन कार्ड, बोर्डापुढे बोला, पत्र लिहा, पण मतदार नोंदणी अजिबात करू नका. डीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, लायसन्स काढताना स्क्रीनवर नागरिक आहात का, नोंदणी करायची का असे प्रश्न येतात, घाईत होय दाबलं तर पुढे इमिग्रेशनला फार महाग पडतं, अगदी देशाबाहेर काढण्यापर्यंत. नवऱ्यालाही हे सांगून ठेवा.

एक मत किती जड असतं बघायचं तर मेट्रो आठवा. सिल्व्हर लाइन लाउडनमध्ये आणायची की नाही यावर जुलै 2012 ला बोर्डाचं मतदान 5 विरुद्ध 4 झालं. 15 नोव्हेंबर 2022 ला गाडी ॲशबर्नला पोचली. तुमच्या मिस्टरांना वॉशिंग्टनला जावं लागलं तर ते ज्या गाडीत बसतील ती त्या एका मतावर आलीये.

तुमची बहीण न्यू जर्सीतल्या एडिसनला आहे असं लिहिलंय तुम्ही, तर तिथे हे सगळं लावू नका. न्यू जर्सीत टाउनशिप बरंच काही बघते आणि काउंटीच्या बोर्डाला आता कमिशनर्स म्हणतात, 2020 पर्यंत फ्रीहोल्डर्स म्हणायचे.

माझा सल्ला विचाराल तर पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. एक बजेट सीझन, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल, तुमच्या डोळ्यासमोरून जाऊ दे, नवीन शाळा उघडताना हद्दी कशा बदलतात ते बघा, तुमच्या डिस्ट्रिक्टच्या सुपरवायझरचं न्यूजलेटर लावून घ्या. मग घरं शॉर्टलिस्ट झाली की प्रत्येकाच्या आजूबाजूचे अर्ज तपासा, रिपोर्टमधलं काही अडलं तर इथेच टाका, मी वाचून सांगते. फक्त तुमचा घर नंबर सगळ्यांसमोर लिहू नका, अर्जाचा नंबर पुरेसा आहे.