शैलीचा शिक्का मारण्याआधी चूक वाचा

तुमच्या गणित शिकवणाऱ्या ॲपचा आराखडा मी लक्षपूर्वक पाहिला. सुरुवातीलाच वीस प्रश्न विचारून विद्यार्थ्याची शिकण्याची शैली ‘दृश्य’ (पाहून), ‘श्राव्य’ (ऐकून) किंवा ‘कृतिशील’ (करून) ठरवण्याची कल्पना आकर्षक असली, तरी ती काढून टाका, असे मी आग्रहाने सांगेन. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात, शैलीनुसार शिकवल्याने शिकणे सुधारते याला पुरेसा आधार आढळला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात हे खरे. पण आवड म्हणजे आकलन नव्हे.

घणसोलीतील सहावीच्या एका मुलीसोबत मी आमच्या जुन्या ॲपची चाचणी घेत होतो. तिने १/३ + १/४ चे उत्तर २/७ लिहिले. ॲपने तिला ‘दृश्य’ गटात टाकलेले असल्याने तोच व्हिडिओ तीनदा दाखवला आणि तिने तिन्ही वेळा २/७ च लिहिले. अंशात अंश, छेदात छेद मिळवायचा, ही तिची समजूत आम्ही तपासलीच नव्हती.

म्हणून प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे कोणता गैरसमज आहे याची नोंद ठेवा, त्यावर नेमकी सूचना द्या आणि बरोबर सुटलेले उदाहरण दुसऱ्या दिवशी व पुढे आठवड्याने पुन्हा विचारा, कारण अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. चित्र आणि आवाज सर्वांनाच द्या.

ऐरोली-कळव्यातील अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो आईवडील कामावरून परतल्यावरच मुलांच्या हाती येतो. त्यामुळे धडा दहा मिनिटांचा, नेटशिवाय चालणारा आणि मध्येच थांबला तरी त्याच गणितापासून पुढे सुरू होणारा असावा.