अस्थिमज्जेच्या वसाहती आणि लायपोप्रोटीन: एका नव्या संशोधकास

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

पेशी वाढवायला घातलेल्या सीरममधले (रक्तद्रवातले) लायपोप्रोटीन, म्हणजे मेद वाहून नेणारे कण, काढून टाकल्यावर डिशमध्ये अस्थिमज्जेच्या वसाहती (एकेका पेशीपासून वाढलेले पेशींचे पुंजके) फार कमी उगवल्या, म्हणून ‘कोलेस्टेरॉलने मज्जापेशी वाढतात’ असे प्रबंधात लिहावे का, असे तू विचारले आहेस. इतक्यात लिहू नकोस.

विभागणाऱ्या पेशीला नवे पेशीपटल बांधायला कोलेस्टेरॉल लागते; ते ती स्वतः बनवते किंवा एलडीएल या लायपोप्रोटीनमधून घेते, एवढे खरे. परंतु आयस्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये लाल रक्तपेशींच्या पूर्वजपेशी सीरमशिवाय वाढवल्या, त्या अल्ब्युमिन, ट्रान्सफेरिन, लोह, लेसिथिन, कोलेस्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्ल यांवर. म्हणजे त्या पेशींना मेद हवे होते, लायपोप्रोटीनचे कण नव्हे.

आता उलट बाजू पाहा, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. 2010 मध्ये कोलंबिया विद्यापीठातील अ‍ॅलन टॉल यांच्या गटाने दाखवले की एबीसीए1 आणि एबीसीजी1 ही कोलेस्टेरॉल पेशीबाहेर काढणारी दोन प्रथिने नसलेल्या उंदरांत रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी बेसुमार वाढतात आणि पांढऱ्या पेशींची संख्याही चढते. पटलात साचलेल्या कोलेस्टेरॉलमुळे आयएल-3 व जीएम-सीएसएफ या वाढीचा संकेत देणाऱ्या प्रथिनांच्या रिसेप्टरची (संकेत पकडणाऱ्या रेणूची) सामायिक बीटा साखळी पृष्ठभागावर जास्त राहते, आणि वाढीचा तोच संकेत पेशीला मोठ्याने ऐकू येतो. पेशीतले कोलेस्टेरॉल उचलून नेणाऱ्या एचडीएल या दुसऱ्या लायपोप्रोटीनचे प्रमाण वाढवल्यावर ही वाढ आवरली गेली. तेव्हा तू ‘लायपोप्रोटीन’ म्हणून एका झटक्यात काढलेस त्यात पेशीला पुरवणारा (एलडीएल) आणि तिला आवरणारा (एचडीएल), असे दोघेही गेले.

म्हणून दोन्ही घनतेवरून वेगळे करून घाल: एलडीएलची घनता 1.019 ते 1.063 ग्रॅम प्रति मिलिलिटर, एचडीएलची 1.063 ते 1.21. अल्ट्रासेंट्रिफ्यूजच्या (अतिवेगाने फिरवून घनतेनुसार थर वेगळे करणाऱ्या यंत्राच्या) नळीत एलडीएलचा नारिंगी-पिवळा पट्टा दिसला की माणूस हुरळतो; मीही हुरळलो होतो, आणि डायलिसिस (पातळ पडद्यातून क्षार काढून टाकणे) अपुरे राहिल्याने उरलेल्या, घनता साधायला घातलेल्या पोटॅशियम ब्रोमाइड या क्षारानेच माझ्या पेशी मारल्या, हे कळायला तीन महिने गेले. शेवटच्या डायलिसिसचे द्रावण नुसते घातलेली डिश त्यासाठीच ठेवायची. एलडीएल ऑक्सिडाइज झाले तर तेही विषारी ठरते; म्हणून साठवताना ईडीटीए (धातूचे आयन बांधून ठेवणारे रसायन) असू दे, मात्र पेशींवर घालण्याआधी ते काढून टाक.

आणि वसाहती मोजताना डिशवरची नावे दुसऱ्याकडून झाकून घे.

तुझा,
सर