युरोपातून आलेली 'ईएक्स' मोटर आपल्याकडे चालेल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : बुटीबोरीच्या कारखान्यात टँकरमधून टोल्युइन हे ज्वलनशील द्रव उतरवून घेणाऱ्या पंपासाठी युरोपातून मोटर आली आहे, तिच्या प्लेटवर षट्कोनातले 'ईएक्स' (स्फोटक वातावरणात वापरायचे उपकरण) हे चिन्ह आणि 'आयआय २जी, ईएक्स डीबी आयआयबी टी४ जीबी' अशी अक्षरे आहेत, आणि पुरवठादार म्हणतो की याहून अधिक काही लागत नाही. माझ्या मते लागते, आणि मोटर चांगली असली तरी लागते.

हे चिन्ह ज्यातून येते तो 'अ‍ॅटेक्स' हा स्फोटक वातावरणातल्या उपकरणांसाठी युरोपीय संघाच्या बाजारपेठेचा नियम आहे. सध्याचा निर्देश, २०१४/३४/ईयू, २० एप्रिल २०१६ पासून लागू झाला. आपल्याकडे टोल्युइन हे द्रव हायड्रोकार्बन असल्याने कायद्याच्या भाषेत पेट्रोलियम ठरते, आणि त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) २३ अंशांच्या बराच खाली असल्याने ते 'अ' वर्गात मोडते. अशा परवानाप्राप्त जागेतल्या धोकादायक क्षेत्रात बसणाऱ्या विद्युत उपकरणाला पेट्रोलियम नियम, २००२ नुसार मुख्य विस्फोटक नियंत्रकांची मान्यता हवी. युरोपीय प्रमाणपत्र त्या अर्जाला जोडायचा कागद आहे, मान्यतेचा पर्याय नव्हे. या नियंत्रकांच्या संस्थेचे, 'पेसो'चे, मुख्यालय नागपुरात, म्हणजे आपल्या शेजारीच आहे. तेव्हा पुरवठादाराच्या तोंडी आश्वासनावर थांबण्याचे कारण नाही.

आता प्लेट वाचू. '२जी' म्हणजे झोन १ पर्यंत, म्हणजे जिथे ज्वलनशील वायू अधूनमधून असू शकतो तिथपर्यंत; तो सतत असतो अशा, टाकीच्या आतल्या झोन ० मध्ये हे उपकरण चालणार नाही, पण पंपाजवळ चालेल. 'डीबी' म्हणजे फ्लेमप्रूफ, आतला स्फोट आतच अडवणारे खोके. वायूंच्या वर्गवारीत टोल्युइन आयआयए या सौम्य गटातले आहे, त्यामुळे त्याहून कडक अशा आयआयबी गटाची मोटर त्याला पुरून उरते. टी४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर जाणार नाही, आणि टोल्युइन आपोआप पेट घेते ते साडेचारशे अंशांच्याही पुढे. इथवर सगळे ठीक.

अडचण आहे ती प्लेटवर जे लिहिलेले नाही त्यात. सभोवतालच्या तापमानाचा उल्लेख नसेल, तर ते उणे २० ते ४० अंश असे धरले जाते. विदर्भात मे महिन्यात सावलीतच पारा पंचेचाळिशी गाठतो आणि आपला पंप उघड्यावर असणार. टोल्युइन पेटण्याच्या तापमानापर्यंत अंतर भरपूर असले, तरी त्या तापमानाबद्दल प्रमाणपत्र काहीच हमी देत नाही. म्हणून निदान ५० अंशांचा स्पष्ट उल्लेख असलेली मोटर मागावी. प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी 'एक्स' असेल, तर आतल्या विशेष अटी वाचल्याशिवाय मोटर स्वीकारू नये. व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) चालवणार असाल, तर तसा उल्लेखही हवा, कारण वेग कमी झाला की मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो.

आणि खरी गफलत बहुधा मोटर बसवताना होते. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात रिअ‍ॅक्टरच्या मजल्यावरचा फ्लेमप्रूफ जंक्शन बॉक्स मी पाहिला. आठपैकी दोन बोल्ट गायब, वापरात नसलेल्या केबलच्या भोकात कापसाचा बोळा आणि वर एम-सील, आणि झाकणाच्या कडेला सिलिकॉनचा जाड थर. फिटरने ते आळसाने नव्हे, काळजीपोटी केले होते. पावसाळ्यात पाणी आत जात होते. त्याला एवढेच कोणी सांगितले नव्हते की फ्लेमप्रूफ खोके वायूला बाहेर ठेवत नाही. वायू आत शिरणार, कधी ठिणगीने पेटणारही. खोक्याचे काम तो स्फोट पोटात सहन करण्याचे, आणि झाकण व कडा यांच्यातल्या अरुंद फटीतून बाहेर पडणारी ज्योत धातूला घासत थंड करण्याचे. आयआयबी वायूंसाठी प्रयोगात सुरक्षित ठरलेली फट ०.५ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान असते. तिथे सिलिकॉन सुकून गाठ झाली की दोन पृष्ठभाग नीट भिडत नाहीत, आणि एक बोल्ट कमी असला की दाबाने कड तिथेच उचलली जाते. पाण्यासाठी उत्पादकाने सुचवलेले, न सुकणारे ग्रीस लावावे. भोकाला प्रमाणित ब्लँकिंग प्लग (भोक बंद करणारे बूच) लावावा. 'डबल कॉम्प्रेशन' ग्लँड (केबल खोक्यात शिरते तिथे ती घट्ट धरणारा भाग) म्हणजे फ्लेमप्रूफ ग्लँड, हा समजही आपल्याकडे फार पसरलेला आहे. ग्लँडवर स्वतःचे 'ईएक्स डी' चिन्ह नसेल, तर ते परत पाठवा.

पुरवठादाराकडून संपूर्ण प्रमाणपत्र, मान्यतेची प्रत आणि तापमानाबद्दल लेखी उत्तर येईपर्यंत मोटर गोदामातच राहू द्यावी.