घरात रोपं वाढवायला कोणती ट्यूबलाइट घ्यावी: पांढरी, पिवळी की गुलाबी?

पांढरी. गुलाबीवर पैसे घालू नका.

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात फ्लॅट आहे, समोरच्या इमारतीमुळे ऊन येत नाही, माळ्यावर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या पडून आहेत, मेथी-कोथिंबीर आणि मिरचीची रोपं करायची आहेत आणि दुकानदार गुलाबी ‘ग्रो लाइट’च घ्या म्हणतो. तो दुकानदार माझा दीर नसावा अशी आशा करते. त्याचंही धुळ्यात इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि तोही गिऱ्हाइकाला हेच सांगतो.

मी बरीच वर्षं जळगावजवळच्या एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये, म्हणजे बाटलीत रोपं तयार करतात तिथे, ग्रोथ रूमला होते. ग्रँड नैन केळीची रोपं. रॅकवर रॅक बाटल्यांचे, आणि प्रत्येक फळीवर चार फुटी ४० वॅटच्या साध्या पांढऱ्या ट्यूब, घरात लावतात त्याच. १६ तास उजेड, ८ तास अंधार, तापमान २५ अंशांच्या आसपास. चोक सगळे खोलीबाहेर भिंतीवर, कारण ते आत ठेवले की त्यांची गरमी ओढायला एसीला जास्त राबावं लागतं. रावेर-यावलच्या किती मळ्यांतली केळी अशा साध्या ट्यूबखाली वाढून गेली असेल! गुलाबी दिवा त्या खोलीत मी कधी पाहिला नाही.

हे घरी सांगितलं की भाऊजींचं ठरलेलं उत्तर: “वहिनी, पानं हिरवी का दिसतात? हिरवा प्रकाश ती परत फेकतात म्हणून. मग पांढऱ्या ट्यूबमधला हिरवा वायाच गेला ना? लाल-निळाच द्यायचा.” ऐकायला पटतं, म्हणून तर माल खपतो. हरितद्रव्य लाल आणि निळा जास्त शोषतं हे खरंच आहे. पण पान हिरव्यातला थोडाच भाग परत फेकतं, बाकीचा बराचसा आत घेतं, आणि वरच्या थरात लाल-निळा अडला तरी हिरवा पानाच्या खोल थरापर्यंत पोचतो. उन्हात काय हिरवा नसतो?

एका आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) हा वाद पेटला. आमचं घर अमळनेर तालुक्यात, जुनं धाब्याचं. बाहेर ४४-४५ अंश, आत गारवा, पण मधल्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो. असोद्याहून भरताच्या वांग्याचं बी आणलं होतं, मृगाला रोपं लावायची म्हणून. उन्हात ट्रे ठेवले तर कोंब करपतात, म्हणून दोघांनी आपापले ट्रे त्याच खोलीत मांडले. बी एकच, कोकोपीट एकच, पाणी सासूबाई घालणार, म्हणजे कुणाला तक्रारीला जागा नको. भाऊजींनी दुकानातला गुलाबी दिवा तुळईला टांगला. मी माळ्यावरची जुनी पट्टी काढली, नवी ट्यूब घातली, वरून पत्र्याला पांढरा ऑइलपेंट मारला आणि दोन्ही बाजूंनी साखळी लावून ट्रेच्या वर अर्ध्या फुटावर आणली. रोपं वाढतील तशी साखळी एकेक कडी वर.

नणंद माहेरी आलेली, शेजारच्या बायका झोक्यावरून उठून खोलीत डोकवायच्या. गुलाबी उजेडात सगळं देवीच्या जत्रेतल्यासारखं दिसायचं, त्यामुळे सुरुवातीला मतं भाऊजींकडे. मग त्यांची रोपं उंच होऊ लागली आणि ते मला उंची मोजून दाखवू लागले! दांडे दोऱ्यासारखे, पानं लहान, ट्रे हलवला की सगळी एका अंगाला. माझी बुटकी, दांड्याला जांभळी झाक. सासरे शेतकरी माणूस. भाऊजींच्या ट्रेपुढे उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, “हाई वांगं शे का वेल शे?” (हे वांगं आहे की वेल?) भाऊजींनी त्यावर कूलरच्या हवेचं कारण काढलं. अजूनही तेच काढतात. कूलर दोन्ही ट्रेंच्या मध्ये होता, हे इथं लिहून ठेवते.

तर ट्यूब निवडताना रंगाच्या आधी आकडा बघा. नळीच्या टोकाला ८६५ छापलेलं असतं: ८ म्हणजे रंग खरे दिसतील अशी चांगली पावडर, ६५ म्हणजे ६५०० केल्विन, आपला नेहमीचा पांढराशुभ्र. यात निळा भरपूर, रोप आखूड आणि टणक राहतं. ८२७ म्हणजे २७०० केल्विनची पिवळी. ती एकटी लावली तर रोप लांबट होतं; पांढरीच्या जोडीला एक लावायला हरकत नाही, गरजही नाही. जाड जुनी ४० वॅटची नळी असेल तर चालवा, पण नवी घेताना बारीक ३६ वॅटची घ्या. वीज कमी खाऊन उजेड जास्त.

अंतर मात्र सोडू नका. लांब नळीजवळ अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण निम्मा होतो. फूटभर रुंदीच्या फळीवर दोन ट्यूब शेजारी शेजारी, वर पांढरा पत्रा, पानांपासून सहा इंच, रोज १४-१६ तास. हात लावून बघा, नळी कोमट असते, पान जळत नाही. टोकाला उजेड कमी पडतो, म्हणून आठवड्याने ट्रे फिरवा.

लॅबची नक्कल मात्र करू नका. तिथे दोन-तीन हजार लक्सवर (लक्स म्हणजे उजेडाचं माप) भागतं, कारण बाटलीतल्या रोपाला खालच्या जेलीसारख्या माध्यमातून साखर मिळते, लिटरला ३० ग्रॅम. तुमच्या मेथीला कोण साखर घालणार? तिला निदान सात-आठ हजार लक्स हवेत. फोनवरच्या लक्स मीटरने मोजा, अंदाजाला पुरतो. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. जुन्या नळीचा उजेड हळूहळू उतरतो आणि आपल्याला कळतही नाही. टोकं काळी पडलेली नळी पेटत असली तरी रोपांना लावू नका. लॅबमध्ये आम्ही नळी जायची वाट बघत नव्हतो, मीटरचा आकडा उतरला की बदलायचो.

माळ्यावरच्या पट्ट्यांत तांब्याचा चोक असेल तर तो स्वतःच दहा-बारा वॅट खातो आणि व्होल्टेज पडलं की ट्यूब नुसती मिचमिचते. इलेक्ट्रॉनिक चोक टाका. टायमर साधा चकतीचा घेतला तर वीज गेली की तोही तिथेच थांबतो आणि चार भारनियमनांनंतर तुमची सकाळ दुपारी सुरू होते. बॅटरीवाला घ्या.

आता भाऊजींच्या बाजूचं थोडं, नाहीतर म्हणतील एकतर्फी लिहिलं. त्यांचा दिवा तीन फुटांवर होता आणि होताही बारका. चांगल्या ताकदीचा लाल-निळा एलईडी जवळ लावला असता तर वांगी एवढी लोळली नसती, मोठ्या पॉलिहाऊसमध्ये तसे दिवे वापरतात. माझं म्हणणं दुकानात मिळणाऱ्या त्या स्वस्त बल्बाबद्दल आहे. शिवाय त्या उजेडात पान पिवळं पडलंय की नाही, मावा आलाय की नाही, काही दिसत नाही.

आणि हो, ट्यूबच नव्याने विकत घेणार असाल तर थांबा. पाऱ्यामुळे या नळ्या जगभर बंद होतायत. पाऱ्याचा वापर कमी करायच्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२७ च्या अखेरपर्यंत त्यांचं उत्पादन थांबवायचं ठरवलंय. पट्ट्या घरात आहेत म्हणून ट्यूब वापरा, नाहीतर ६५०० केल्विनचीच पांढरी एलईडी पट्टी घ्या. २० वॅटची एलईडी सगळा उजेड खाली टाकते, ट्यूबचा अर्धा वर जातो, त्यामुळे फळीवर फार फरक पडत नाही आणि बिल जवळजवळ निम्मं. नळी फुटली तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, झाडूने झाडू नका, ओल्या कागदाने टिपून डबाबंद करा.

मिरचीची रोपं पाच-सहा पानांवर आली की ओळखीच्या कुणाच्या गच्चीवर हलवा. ट्यूबखाली रोप होतं, मिरच्या फारशा धरत नाहीत.