टॅक्सी करताना शेपटीचं चाक थरथरतं, डावीकडे वळतच नाही: आधी काय तपासायचं?

निपाणीहून तुम्ही लिहिलंय की भागीदारीत घेतलेल्या जुन्या दोन आसनी विमानाचं शेपटीचं चाक टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, जोरात थरथरतं. उजवीकडे विमान नीट वळतं, पण डावं पेडल दाबलं की चाक मध्येच सुटल्यासारखं होतं. कुणीतरी रडर (शेपटीवरचं पेडलने हलणारं उभं पातं) आणि हे चाक यांना जोडणाऱ्या साखळ्या आवळून घ्या म्हणालं, ते करावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी बेळगावचाच, लहान विमानांच्या देखभालीच्या कामातला. माझं पहिलं सांगणं हे की साखळ्यांना एवढ्यात हात लावू नका. आवळल्यावर थरथर थोडे दिवस दबल्यासारखी वाटेल, पण मूळ कारण आत तसंच राहील आणि स्टिअरिंगच्या आर्मवर उगाच ताण येऊन तोही झिजायला लागेल. कधीकधी तर घट्ट साखळीनेच थरथर वाढते.

तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच चाकाच्या असल्या तरी कारणं बहुधा वेगळी आहेत. डावीकडचं आधी बघू, कारण ते जास्त धोक्याचं आहे. शेपटीला चाक असलेल्या विमानाच्या वजनाचा मध्य पुढच्या दोन मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे शेपटी एकदा बाजूला सरकली की ती आपोआप आणखी सरकत जाते आणि वेळेवर आवरली नाही तर विमान जमिनीवरच गिरकी घेतं. पंखाचं टोक आणि चाकांचे पाय त्यातच मोडतात. कमी वेगात ही शेपटी आवरायला मुख्यतः शेपटीचं चाक आणि ब्रेकच असतात.

बहुतेक लहान विमानांत हे चाक एका मर्यादेपर्यंत रडरबरोबर वळतं आणि त्यापुढे मोकळं होऊन पूर्ण फिरतं. हँगरमध्ये विमान मागे ढकलता येतं ते यामुळेच. आत एक खिट्टी असते, ती स्प्रिंगच्या जोरावर खाचेत बसते. खाचेची एक कड झिजून गोल झाली, किंवा खिट्टीची स्प्रिंग मेली, की त्या बाजूला चाक वेळेआधीच सुटतं. तुमच्या वर्णनावरून मला हाच संशय जास्त आहे.

तपासणी सोपी आहे. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) बंद, मुख्य चाकांना ठोकळे, पंख्यासमोर कुणी नाही. मग शेपटी भक्कम घोडीवर उचलून ठेवा. दोघांनी मिळून रडर मध्यावर धरा आणि चाक हाताने हळूहळू आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला फिरवा. खिट्टी सुटताना हाताला स्पष्ट झटका लागला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना साधारण सारख्याच जोराने. डावीकडे ती लोण्यासारखी सुटली, तर हेड, म्हणजे खिट्टी असलेला चाकाचा वरचा भाग, उघडावंच लागेल. उघडल्यावर जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढा. आपल्याकडे अथणी-चिकोडीकडची काळी माती असो की खानापूरकडची तांबडी, ग्रीसमध्ये मिसळली की खाच घासत राहते, आणि घट्ट चिखल झाला की खिट्टी परत खाचेत बसतच नाही. विमान मागे ढकलून लावलं असेल तर निघताना आधी थोडं सरळ पुढे जाऊन खिट्टी बसू द्या, मगच वळवा.

आता थरथर. टायरची हवा मॅन्युअलप्रमाणे आहे का आणि टायर एका बाजूने झिजलाय का, ते पाहून घ्या. बेअरिंग, अ‍ॅक्सलचा नट, बोल्ट यांत खुळखुळ नको. इथपर्यंत सगळे बघतात. शेपटीचं चाक ज्यांवर बसवलेलं असतं त्या कमानपाट्यांकडे मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि जुन्या विमानांत खरं दुखणं बरेचदा तिथेच असतं. उसाच्या ट्रॉलीचे पाटे वर्षानुवर्षं ओझं वाहून सपाट होतात, तसेच हेही होतात. पाटा सपाट झाला की चाक ज्या उभ्या पिव्हटवर फिरतं त्याचा माथा पुढे झुकतो, चाक मागे ओढलं जाण्याची चाल कमी होते आणि ते भरकटायला लागतं. विमान सपाट जमिनीवर, नेहमीच्या भारासह, म्हणजे आत माणसं बसवून, बाजूने बघा. पिव्हट सरळ उभा किंवा माथा किंचित मागे हवा. पुढे झुकलेला दिसला तर पाटे बदलणं किंवा मॅन्युअलमध्ये असेल ती दुरुस्ती करून घेणं, हाच इलाज. रिकाम्या विमानावर हे मोजून उपयोग नाही.

साखळ्यांचं काम सगळ्यात शेवटी. रडर मध्यावर असताना चाकही मध्यावर हवं, तेही विमान जमिनीवर, भारासह असताना. साखळी लोंबू नये आणि ताणलेलीही नसावी. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा वेगवेगळ्या जाडीच्या दिसल्या तर घाबरून सारख्या करू नका. काही बनावटींत त्या मुद्दामच वेगळ्या देतात, दोन्ही एकाच लयीत नाचू नयेत म्हणून. कड्यांची आणि रडरच्या हॉर्नकडच्या (साखळी अडकवायच्या दांडीकडच्या) जोडांची झीज मात्र जरूर बघा, तिथली कडी तुटली तर त्या बाजूचं स्टिअरिंगच जातं.

आणखी एक. सगळा दोष शेपटीचा नसतो. एका मुख्य चाकाचा ब्रेक धरत असेल किंवा हवा कमी असेल तरी विमान एकीकडे ओढतं. वाराही आहे. सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम, पावसाळी वारा तिथे बराचसा नाकासमोर येतो, पण तोच वारा टॅक्सीवेवर आडवा होतो आणि विमानाचं नाक वाऱ्याकडे वळू पाहतं. म्हणून दुरुस्ती झाल्यावर, वारा पडलेला असताना, माणसाच्या चालीने, दोन्हीकडे वळून एकदा नोंद करून ठेवा.

खिट्टी किंवा पिव्हट बदलायची वेळ आली तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर करून घ्यायचा मोह होईल. त्या कारागिरांच्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे, माप ते अचूकच देतील. पण त्या पोलादाची जात आणि त्याला तापवून दिलेलं पाणी यांचा कागद कुणी देणार नाही. कागदासह आलेला मंजूर भागच बसवा आणि काम परवानाधारक इंजिनिअरकडून तपासून, सही घेऊन, लॉगबुकात चढवा. डीजीसीएचा (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा) नियम आहेच, पण नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

आत माणसं बसवून पाट्याचा आणि पिव्हटचा बाजूने काढलेला फोटो, आणि खिट्टी दोन्हीकडे कशी सुटते ते, इथे टाका. त्यावरून पुढचं सांगता येईल. तोवर विमान टॅक्सीलाही काढू नका.